सातव्या दिवसाचा सिनेमा

नवस बोलायला जीभ लागते आणि फेडायला काळीज, असं आमच्या नदीकाठी म्हणतात. लमूनकडे दोन्ही होतं. तरी तिने राखणदाराचा नवस तीन वर्षं अडवून धरला होता, आणि त्यापायी सगळं गाव तिला चिक्कू म्हणत होतं. गावाचं काय, गावाला तोंड आहे.

तिचा नवरा थवीन ताडावर चढून रस उतरवायचा. आमच्या फेचबुरी प्रांताचा ताडगूळ सगळे चवीने खातात, पण त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी आभाळाला हात लावून खाली येतो हे कुणाच्या ध्यानात नसतं. एका सकाळी झाडाला बांधलेला बांबू मोडला आणि थवीन पाठीवर पडला. आता हा उठायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. लमून इस्पितळातून निघाली ती घरी न जाता तडक नदीकाठच्या ठाण्यावर गेली. तिथे मोठ्या झाडाखाली लाल रंगाच्या लाकडी देव्हाऱ्यात आमचा राखणदार बसतो. त्याच्यापुढे तिने पायातल्या चपलाही न काढता नवस बोलला. "बाबा, याला चालता कर. तुझ्यासमोर सलग सात दिवस खेळ लावीन. नाटक, मुष्टियुद्ध, गाणी, सिनेमा, याला जे जे आवडतं ते सगळं." देवाला काय आवडतं हे कुणाला ठाऊक? म्हणून तिने नवऱ्याची आवड सांगून टाकली.

पावसाळा संपता संपता थवीन चालू लागला. ताडावर पुन्हा चढला नाही, पण काठी टेकत चहाच्या टपरीपर्यंत जायचा आणि तिथल्या चारचौघांना शहाणपण शिकवून यायचा. देवाने आपलं काम चोख केलं होतं.

लमूनचं मात्र काही ना काही निघत राहिलं. त्या वर्षी पूर आला. पुढच्या वर्षी चांगली नाटकमंडळी मिळेना. मग घराचं छप्पर गळतंय म्हणाली. कुणी विचारलं की तिच्याकडे कारण तयार असायचं, आणि दर वेळी ते खरंही वाटायचं. खऱ्याच्या आड लपलेलं खोटं सापडायला फार कठीण जातं.

तिच्या मनातली गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला वाटायचं, देणं बाकी आहे तोवर देव याच्यावरचा हात काढणार नाही. सावकार आपल्या देणेकऱ्याला मरू देतो का? एकदा नवस फिटला की देव मोकळा आणि थवीनही मोकळा. मग कुणी कुणाला अडवायचं? पोटी मूल नव्हतं. थवीन गेला तर घरात तिच्याशी बोलायला फक्त कोंबड्या उरणार होत्या.

गेल्या वर्षी त्याच्या यकृतात दुखणं निघालं. इस्पितळाने तपासलं, मान हलवली, कळ मारायला औषधाची बाटली दिली आणि घरी पाठवलं. महिन्याभराचा सोबती, असं पयोमला बाजूला घेऊन सांगितलं. पयोम ही थवीनची धाकटी बहीण, बाजारात भाजी विकणारी, बोलायला फटकळ आणि रडायला हळवी. महिने उलटले. थवीन वाळून लाकूड झाला, कण्हत राहिला, पण गेला नाही.

शेवटी ठाण्याची देखभाल करणारे पियन आजोबाच घरी आले. अंगणात बसले, सुपारी कातरली आणि म्हणाले, "लमून, हा नवसात अडकलाय. तुला कळतंय, मला कळतंय. तू सोडल्याशिवाय याला वाट मिळायची नाही."

"आणि सोडल्यावर?" लमूनने विचारलं.

आजोबांनी नियम तेवढा सांगितला. सात दिवस सलग. नवस बोलणारीने प्रत्येक खेळाला शेवटपर्यंत समोर बसायचं. सातव्या खेळानंतर नऊ उदबत्त्या लावून तोंडाने म्हणायचं की बाबा, तुझं-माझं फिटलं. मधे एका दिवसाचा जरी खंड पडला तरी सगळं पहिल्यापासून.

"वहिनी, हात जोडते," पयोम म्हणाली. "दादाकडे आता बघवत नाही."

लमूनने मंडळींना सुपाऱ्या दिल्या.

एप्रिलातलं आमचं नवं वर्ष उलटून गेलं होतं, उन्हाने नदीचा काठ भेगाळला होता. झाडाखाली रंगमंच उभा राहिला तो देव्हाऱ्याकडे तोंड करून. खेळ देवासाठी, माणसांनी आपले बाजूने बघावेत. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या राखणदाराच्या आणि त्याच्या गणगोताच्या. मधल्या खुर्चीवर हार आणि नळी घातलेली लाल सरबताची बाटली ठेवली होती. दुसऱ्या रांगेत लमून बसली. पयोमने आपल्या भाजीच्या तीनचाकीत गादी घालून भावाला आणलं आणि वहिनीशेजारी आरामखुर्चीत टेकवलं.

पहिले दोन दिवस लिकेची, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याची, नाटकमंडळी. राजपुत्राच्या अंगावर चमकत्या खड्यांचा असा डगला की उन्हात बघवेना. त्यांनी आधी देवापुढे नाच केला, भोंग्यावरून नवस बोलणारीचं नाव घेतलं, मग गोष्ट सुरू झाली. पण लिकेत गोष्टीपेक्षा विदूषक मोठा. गावात आल्या आल्या त्याने कुणाकडून तरी सगळं काढून घेतलं असणार. तो रंगमंचाच्या कडेला आला, कपाळावर हात धरून लमूनला न्याहाळू लागला.

"ह्याच का त्या मावशी? अहो, देवाने तीन महिन्यांत काम केलं, तुम्ही तीन वर्षांत दाम दिला. बिचारा राखणदार रोज रस्त्यावर येऊन बघायचा म्हणे, आली का नाटकवाल्यांची गाडी. लोकांना वाटायचं वारा सुटलाय. वारा कसला, देवाचा सुस्कारा तो."

सगळे खो खो हसले. पियन आजोबासुद्धा पदराआड हसणाऱ्या बायकांसारखे उपरण्यात हसले. लमूनही हसली, न हसून सांगते कुणाला. थवीन तेवढा हसला नाही. त्याने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मान पुन्हा रंगमंचाकडे वळवली.

घरी गेल्यावर थवीनने पेज मागितली. कित्येक आठवड्यांत त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. वर खारवलेला मुळा मागितला आणि तो कमी तिखट केलाय म्हणून कुरकुरलाही. लमूनला ती कुरकुर गोड लागली.

मग दोन दिवस लाथाठोशांचं मुष्टियुद्ध आलं. देव्हाऱ्यासमोर दोर बांधले, सनई आणि ढोलवाले बसले. तालुक्याहून आलेली पोरं डोक्याला दोऱ्याचं कडं बांधून आधी गुरूला आणि चार दिशांना वंदन करत हळूहळू फिरली, आणि मग एकमेकांच्या बरगड्या मोजायला लागली. थवीनचा चेहरा उजळला. तरुणपणी त्याने एकही जत्रेतली कुस्ती किंवा ठोसेबाजी सोडली नव्हती.

"म्हातारे, त्या निळ्या चड्डीवाल्याचा डावा पाय बघ," तो लमूनच्या कानाशी म्हणाला.

"पायाला काय झालंय?"

"आधी तो हलतो. मग लाथ येते. आता बघ. हलला. ही आली."

लाथ आली. समोरचा पोरगा दोरावर आदळला.

"तुला एवढं कळतं तर तू का नाही उतरलास कधी?" ती म्हणाली.

"उतरलो होतो एकदा. लाथ येतेय हे कळलं. चुकवायचं कसं ते कळलं नाही."

लमून इतकी हसली की ढोलवाल्याने वळून बघितलं. तिला एकदम जाणवलं, की आपण दोघं असे शेजारी बसून कधी काही बघितलंच नव्हतं. हा ताडावर आणि मी चुलीवर रस आटवत. खेळ दर वर्षी देवळात व्हायचे. हा जायचा, मी गूळ ढवळत बसायचे, कारण कढई सोडून कोण उठणार? लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि नवऱ्याला खेळ बघताना आपण पहिल्यांदा बघतोय, याचं तिला वाईट वाटलं. आणि आनंदही वाटला. ते दोन्ही एकत्र कसं वाटतं, हे ज्याचं माणूस जायला निघालंय त्याला विचारावं.

गाण्याच्या दोन दिवसांत तर तिला दिवस मोजायचीही शुद्ध राहिली नाही. बाई सोनेरी झगा घालून गात होती, मागे सात जणी पिसं लावून नाचत होत्या, आणि गाणी सगळी शहरात जाऊन न परतलेल्या माणसांची. थवीन बोटाने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता. एका गाण्याला त्याने ओठांचा चंबू केला, शीळ घालायची म्हणून. नुसती हवा आली. त्याने तिच्याकडे बघून खांदे उडवले. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चारचौघांत तसाच धरून ठेवला. आमच्याकडे म्हातारी माणसं असं करत नाहीत.

दुसऱ्या गाण्याच्या संध्याकाळी घरी परतताना ती त्याच्याकडे बघत होती. हा खातोय, हा थट्टा करतोय, हा ताल धरतोय. आणि उद्या शेवटचा सिनेमा, मग नऊ उदबत्त्या. देव हात काढून घेणार तो नेमका याला बरं वाटायला लागल्यावर? तेव्हाच तिला पियन आजोबांचा नियम आठवला. खंड पडला तर पहिल्यापासून.

सकाळी तिने कोंबड्यांना दाणे टाकले आणि परसात जाऊन विनायला फोन लावला. विनाय म्हणजे गावोगाव पडदा बांधून सिनेमा दाखवणारा. त्याची गाडी पहाटेच ठाण्यावर येऊन थांबली होती.

"विनाय, आज नको रे. तू जा."

"मावशी, असं कसं? आज सातवा ना?"

"यांची तब्येत बिघडली. पुढच्या खेपेला सगळं पुन्हा करू."

"राखणदाराला विचारलंत ना? नाहीतर माझ्या यंत्राला आग लागायची."

"विचारलं. हो म्हणाला."

देवाच्या नावावर इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. पण फोन ठेवला तेव्हा मनात हिशेब पक्का होता. पुन्हा सात दिवस म्हणजे पुन्हा सुपाऱ्या, पुन्हा मंडळी, म्हणजे निदान पुढचं नवं वर्ष. तोवर हा कुठे जात नाही.

ती ठाण्यावर जाऊन गाडी गेल्याची खात्री करून आली. दुपारी घरात पाऊल टाकलं तर पयोम भावाच्या केसांना तेल लावत होती. थवीनने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. दातांवर दात घट्ट बसले होते आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

"औषध दिलं नाहीस याला?" लमून पयोमवर ओरडली.

"घेतच नाही," पयोम म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "वहिनी, तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीये. हा सकाळचा डोस घेतच नाही. पहिल्या दिवसापासून. सकाळी तू ठाण्यावर झाडलोट करायला गेलीस की उशी दातात धरून पडतो. आणि निघायच्या आधी दोन्ही डोस एकदम पितो."

"का?"

"त्याशिवाय मला बसता येत नाही," थवीन म्हणाला. एकेक शब्द तो जपून टाकत होता. "सात दिवस तुझ्याशेजारी शुद्धीत बसायचं होतं. औषध तेवढंच होतं, पुढची बाटली इस्पितळ उद्या देणार. आजचा शेवटचा घोट ठेवलाय. मग झालं."

लमून दारातच खाली बसली. आठवडाभर ज्याला ती बरं होणं समजत होती ते हे होतं. पेज, मुळा, निळ्या चड्डीवाल्याचा डावा पाय, सगळं त्याने सकाळच्या कळा सोसून संध्याकाळसाठी वाचवलेलं होतं. आणि तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सोसायला लावायचं ठरवलं होतं.

"सिनेमा नाही," ती म्हणाली. "मी विनायला पाठवून दिलं."

पयोमच्या हातातून तेलाची वाटी कलंडली. "वहिनी! सातव्या दिवशी?"

"पयोम, जरा बाहेर जा," थवीन म्हणाला. ती गेल्यावर त्याने श्वास जुळवला. "म्हातारे, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पूर आला, छप्पर गळलं, मंडळी मिळेना. छप्पर गळतच नव्हतं. मी आत झोपायचो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"मला पण थांबायचंच होतं की. तू देवाला फसवत होतीस, मी तुला फसवू देत होतो. तीन वर्षं चांगली गेली." त्याने डोळे मिटले. "आता नाही गं जमत. फार दुखतं."

"आणि मी काय करू? मी एकटीने काय करू, म्हाताऱ्या?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. त्याने तिला खोटा धीर दिला नाही, आणि त्यासाठी ती पुढे जन्मभर त्याची ऋणी राहिली.

लमूनने तोंडावर पाणी मारलं. पयोमला हाक मारली आणि तीनचाकी काढायला लावली. विनायचा फोन बंद होता. हायवेला लागून तो दक्षिणेकडे गेला असणार, कारण त्याचं गाव तिकडे. पयोमची तीनचाकी भाजी वाहणारी, धावणारी नव्हे. रस्त्यावरचे ट्रक त्यांना हॉर्न मारून पुढे जात होते आणि लमून हवेने उडणारे केस दाबत प्रत्येक पंपावर, प्रत्येक खानावळीत त्याची निळी गाडी शोधत होती. तीन वर्षं तिने वेळ लांबवण्यात काढली होती. आता तिला तोच वेळ पुरत नव्हता.

गाडी एका शेवयांच्या दुकानासमोर सापडली. विनाय वाडगं तोंडाला लावून रस्सा पीत होता.

"चल," लमून म्हणाली.

"मावशी, सकाळी नको, दुपारी हवा. मी काय पोरखेळ मांडलाय?"

"मी खोटं बोलले. राखणदाराला विचारलं नव्हतं. यांना जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मोडता घातला."

विनायने वाडगं खाली ठेवलं. तिच्याकडे बघितलं, मग पयोमकडे. देवाची बिदागी घेऊन सिनेमा न दाखवता आपण एवढा वेळ निवांत जेवतोय, हे बहुधा त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने दुकानदाराकडे पैसे ठेवले आणि उरलेल्या शेवया तशाच टाकून उठला.

दिवस बुडायच्या सुमाराला पडदा बांधून झाला आणि पयोमने थवीनला घरून आणलं. गावातले फारसे कोणी आले नाहीत. सिनेमा रद्द झाल्याची बातमी दुपारीच पसरली होती. पहिल्या रांगेत राखणदार आणि त्याचं गणगोत, दुसऱ्या रांगेत लमून आणि थवीन, मागे पयोम आणि पियन आजोबा. बाकी खुर्च्या रिकाम्या. सिनेमा थवीनने निवडलेला होता, भुताचा आणि विनोदी. राजे आणि शूर वीर बघून देव कंटाळला असेल, असं त्याचं म्हणणं.

औषधाचा शेवटचा घोट त्याने पोटात घेतला होता. पडद्यावरचं भूत एका चोराच्या घरात शिरलं आणि चोरच भुताला घाबरवू लागला तसा थवीन हसला. लहान, कोरडं हसू. लमून पडद्याकडे बघत नव्हती. बोलणारीने समोर बसायचं असा नियम होता, कुठे बघायचं असा नव्हता. पडद्याचा उजेड त्याच्या गालावर निळा-पांढरा हलत होता आणि ती त्याला बघत राहिली. कढईवर बसून जेवढं राहून गेलं होतं तेवढं एका सिनेमात बघायचं, तर डोळे मिटायला सवड कुठली?

चित्र संपलं. विनायने यंत्र बंद केलं नाही, नुसता पांढरा पडदा तेवत ठेवला, कारण उदबत्त्या लावायला उजेड हवा होता. पियन आजोबांनी नऊ उदबत्त्या तिच्या हातात दिल्या. ती देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. या खेपेला चपला काढल्या होत्या.

शब्द तिला पाठ होते. तीन वर्षं ती ते गिळत आली होती, त्यामुळे ते आतून वर यायला वेळ लागला.

"बाबा," ती म्हणाली, "तू दिलंस. मी फेडलं. मधे लबाडी केली, ती माझ्या एकटीच्या माथी लाव, याच्या नको. तुझं-माझं फिटलं. याचं-माझंही फिटलं."

शेवटचं वाक्य नियमात नव्हतं.

तिला वाटलं होतं, शब्द तोंडातून निघताच मागे काहीतरी होईल. ती वळायला धजेना. उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत गेला तरी ती तशीच बसून राहिली. मग मागून आवाज आला.

"म्हातारे, झालं का? पाठ मोडली माझी. घरी चल."

ती उठली. पयोमने एका बाजूने आणि तिने दुसऱ्या बाजूने त्याला उचललं. तो इतका हलका झाला होता की दोघींची गरजच नव्हती.

त्यानंतरही थवीन काही दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच लमूनने इस्पितळातून औषधाची नवी बाटली आणली आणि वेळच्या वेळी त्याला पाजत राहिली, सकाळचीसुद्धा. तो बहुतेक झोपून असायचा. जाग आली की तिला सिनेमातल्या चोराची आठवण करून द्यायचा, आणि तिने बघितलाच नव्हता म्हणून ती नुसती हो हो म्हणायची. बाजार उरकून पयोम यायची, त्याच्या उशाशी बसायची आणि रडत रडत म्हणायची, दादा, थांब रे अजून थोडा. लमून त्याचे पाय चेपत शेजारीच असायची. ती तसं एकदाही म्हणाली नाही.